फक्त जाण्यापुरतं इंजिन
रॉकेलने धुतलेल्या लोखंडाचा वास आला की मला ग्वाल्हेरच्या इंदरगंजमधलं ते गॅरेज आठवतं. राज्यांची नव्याने रचना झाली होती, राजधानी भोपाळला गेली होती आणि वडिलांचं ऑफिसही तिकडे निघालं होतं. जायचं ते आपल्याच मोटारीने, असा त्यांचा हट्ट. पण मोटारीचं इंजिन पार जाम झालेलं. मिस्त्रीने स्वस्तातलं एक जुनं इंजिन दाखवलं आणि हँडल मारताच ते सुरू झालं. पण वडिलांनी त्याआधीच त्याला हात लावून पाहिला होता, आणि डिसेंबरच्या सकाळी ते चांगलं कोमट लागलं होतं. "पहले से चला के रखा था?" त्यांनी विचारलं. मिस्त्री ओशाळला. "सच कहूँ हुज़ूर? भोपाल पहुँचा देगा. लौटने की गारंटी नहीं." वडील दारापर्यंत गेले, परत आले, टोपी काढली, पुन्हा घातली. टांग्यात माझ्याशेजारी बसलेली आई म्हणाली, "अहो, आणि परत यायचं झालं तर?" ते पुन्हा दाराशी जाऊन बाड्याच्या, शहराच्या मुख्य चौकाच्या, दिशेने बघत उभे राहिले. मग न वळताच म्हणाले, "लगा दो." आता मी भोपाळची म्हातारी, ग्वाल्हेरला जाते ती कुणाच्या लग्नाला, आणि उतरते हॉटेलात.