ज्वारी काढून झाली आहे

बत्तीस वर्षं पोलिसात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, एकाच म्हशीवर हक्क सांगत ठाण्यात भांडणारे दोन सख्खे भाऊ पाहिले. तरी कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं, की माझ्या तोंडी आधी येतं ते वाचनालयातल्या कात्रणचोरीचं प्रकरण. नेहमीप्रमाणे यातही कुणाचं नाव घेणार नाही. गाव चकलांब्याच्या बाजूचं, एवढं पुरे.

मी त्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळचा चहा नुकताच टेबलावर आला होता, तेवढ्यात गावचे पुढारी चार कार्यकर्त्यांसह आत आले. त्यांच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या नावानं गावात सभागृह उभं राहत होतं. उद्घाटनाला मंत्री येणार होते आणि त्याच दिवशी आबांचं चरित्र निघणार होतं. आबांनी तरुणपणी घरदार सोडून गावोगाव समाजजागृती केली, असं घरात सगळे सांगत. त्याच्या पुराव्यासाठी पुढाऱ्यांनी तालुक्याच्या वाचनालयातून एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे जुने बांधीव अंक बाहेर काढायला लावले होते. दोन दिवसांनी ते पुन्हा उघडले, तर आत ठिकठिकाणी चौकोनी भोकं.

"आबांचा इतिहास कापून नेलाय साहेब," पुढारी म्हणाले. "विरोधकांचं काम हाय हे. गुन्हा दाखल करा. कितीबी मोठा माणूस असू द्या, सोडू नका!"

कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या. मी ते वाक्य जसंच्या तसं तक्रार अर्जात लिहून घेतलं. माणूस आवाज चढवून जे बोलतो ते लिहून ठेवावं, पुढे उपयोगी पडतं.

ग्रंथपाल भित्रे गृहस्थ होते. त्यांनी मला बाजूला घेऊन खबर दिली की गावचे माजी सरपंच, म्हणजे पुढाऱ्यांचे कट्टर विरोधक, त्याच आठवड्यात येऊन तेच अंक चाळून गेले होते. मला वाटलं, संपलं काम. सरपंचांना ठाण्यात बोलावलं, अर्धा तास बाकावर बसवलं आणि मग आवाज खाली घेऊन विचारलं, "वाचनालयात गेला होता?"

"गेलतो की. कावून जाऊ नये?"

"काय कापलंत?"

सरपंच हसायला लागले. "साहेब, त्या अंकात काय हाय ते तुमी वाचलं का? आधी वाचा. मी कशाला कापून लपवू? मी त्याचं बॅनर करून चौकात लावीन."

गुन्हा कापल्याचा होता आणि काय उरलंय ते मी बघितलंच नव्हतं. नव्या फौजदारानं केली असती तर मी त्याला फैलावर घेतलं असतं, अशी ती चूक होती.

दुपारी हवालदाराला घेऊन वाचनालय गाठलं. हवालदार स्वतः शेतकरी, सुट्टीत नांगर धरणारा माणूस. मी वाचत गेलो, तो ऐकत गेला. "जाहीर नोटीस. माझा मुलगा माझ्या सांगण्याबाहेर गेला असून परवापासून घरातून निघून गेला आहे. त्याच्याशी माझा काडीचाही संबंध राहिलेला नाही. त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही." मुलगा म्हणजे आबा आणि नोटीस देणारे आबांचे वडील. पुढच्या वर्षीच्या अंकातही तीच नोटीस. त्याच्या पुढच्या वर्षीही. अशा सहा सापडल्या. मजकूर तोच, फक्त म्हाताऱ्याचा राग दरसाल एका ओळीनं वाढलेला.

हवालदारानं अंकांवरचे महिने बोटांवर मोजले. "साहेब, ह्यो गडी हुरडा खाऊन जातोय! हुरड्यापर्यंत घरात आणि ज्वारीची काढणी लागली की गायब."

समाजजागृतीला दरवर्षी बरोबर सुगीतच जोर येत होता, हे चरित्रकारांच्या ध्यानात आलेलं नसावं.

पण माझं लक्ष भोकांकडे होतं. घराण्याची अब्रू झाकायची असती तर या नोटिसा गेल्या असत्या. त्या तर जागच्या जागी होत्या. प्रत्येक नोटिशीनंतर महिना-दीड महिन्यानं आलेल्या अंकातलं दुसरंच काहीतरी कापलं होतं. भोकांच्या कडा ब्लेडच्या नव्हत्या, कात्रीच्याही नव्हत्या. छोटेछोटे चावे घेत गेल्यागत कापलेलं. एका पानावर पांढरट बोट उमटलं होतं. जवळ नेऊन पाहिलं तर चुना. पानांच्या बेचक्यात सुपारीचा भुगाही सापडला.

"पुढाऱ्यांबरोबर त्या दिवशी कोण होतं?" मी ग्रंथपालांना विचारलं.

"त्यांच्या आत्या. आबांची मुलगी. पुढारी दोन तास बाहेर फोनवरच होते, पानं आत्याच उलटत होत्या. पण त्यांना वाचता येत नाही म्हणे."

हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं, कारण पुढाऱ्यांच्या घरच्या बाईमाणसाचं नाव घ्यायची त्यांची छाती झाली नव्हती.

हवालदाराला घेऊन मी तडक पुढाऱ्यांच्या घरी गेलो. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, मांडीवर पानाची चंची. मी शेजारी बसलो आणि पान मागितलं. त्यांनी अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला घेतली.

"आत्याबाई, हा कागदाला चालतो का?"

त्यांनी मान वर केली नाही. "चालतो. जरा येळ लागतो."

एवढा सरळ कबुलीजबाब मला अट्टल गुन्हेगारांनीही दिला नव्हता. त्यांनी चंचीच्या आतल्या कप्प्यातून सहा चिठोऱ्या काढून समोर ठेवल्या. पुढारी तोवर धावत आले होते. "आत्या, तुला वाचता येतं?"

"चौथी शिकलेय मी. तू कदी इचारलं?"

मी पहिली चिठोरी वाचली. "घरी निघून यावे. ज्वारी काढून झाली आहे. कोणी रागावणार नाही." खाली एका बाईचं नाव. आबांच्या बायकोचं.

हवालदार भिंतीकडे तोंड करून हसू लागला. मलाही आवरलं नाही.

"म्हणजे आबा समाजजागृतीला..." पुढारी चाचरले.

"तुजा आजा लई गोड माणूस होता," आत्याबाई म्हणाल्या. "पर इळा दिसला की त्याचे पाय निघायचे. तेलगावला मावशीकडं जाऊन झोपायचा." मग त्यांचा आवाज बदलला. "माझी माय एकली काढणी करायची. आन् काढणी झाली की बाजाराच्या दिवशी छापखान्यात उभी राहून हे सांगायची. तिला अक्षर ठावं नव्हतं. अंक घरी आला की माझ्याकडनं आपलं नाव हुडकून घ्यायची, त्यावर बोट ठेवायची आन् म्हणायची, हीच का गं मी? ते अंक आमच्या आज्यानं चुलीत घातले."

त्यांनी चिठोऱ्या परत आपल्याकडे ओढल्या.

"आता सभागृह बापाचं, पुस्तक बापाचं. मायचं नाव सातबाऱ्यावर न्हाई, पत्रिकेवर न्हाई, ह्याच्याबिगर कुठंच छापलेलं न्हाई. मला जेलात टाका साहेब, पर ह्या देणार न्हाई."

पुढाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून त्यांचा अर्ज काढला आणि वाचून दाखवला. "कितीबी मोठा माणूस असू द्या, सोडू नका." त्यांनी पाणी मागवलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "आमची तक्रार न्हाई साहेब."

चिठोऱ्यांवर मात्र वाचनालयाचा हक्क होता. मी आत्याबाईंना सोबत नेऊन सहाही चिठोऱ्यांच्या मोठ्या झेरॉक्स काढल्या आणि त्यांना प्लास्टिक चढवलं. आत्याबाईंनी प्रत्येकीवर नाव आहे का ते बोट ठेवून तपासलं, तेव्हाच मूळ चिठोऱ्या हातच्या सोडल्या. ग्रंथपालांनी त्या खळ लावून जागच्या जागी चिकटवल्या. आजीचं नाव पुस्तकात घालतो, असा शब्द पुढाऱ्यांनी आत्याबाईंना माझ्यादेखत दिला.

मंत्री आले, सभागृहावर आबांचं नाव लागलं, पुस्तक निघालं. त्यात आबांच्या भ्रमंतीवर बावीस पानं आहेत. पत्नीवर एक ओळ आहे, "त्यांना सुविद्य सहधर्मचारिणीची मोलाची साथ लाभली." नाव नाही. मला फार राग आला होता, आजही येतो.

ठाण्यात हरवलेल्या माणसाची नोंद होते तेव्हा एका रकान्यात खबर देणाऱ्याचंही नाव लिहितात. त्या रकान्याकडे आम्ही कधी नीट बघत नसू. सगळा तपास निघून गेलेल्याचा. त्या दिवसानंतर मी तो रकाना आधी वाचू लागलो. घरी कोण वाट बघतंय हे कळलं, की गेलेला माणूस कुठे सापडेल याचाही बऱ्याचदा अंदाज येतो.

सुरुवातीला म्हणालो होतो की कुणाचं नाव घेणार नाही. एवढं एक घेतो. सहा वर्षं एकटीनं ज्वारी काढून नवऱ्याला तसं छापून कळवणाऱ्या त्या बाईचं नाव सोजरबाई. आत्याबाई अजून आहेत. हे छापून आलं की त्यांना नेऊन देणार आहे. सोबत कात्रीही नेईन, अडकित्त्यानं वेळ लागतो.