वारा काढलेल्या पिशव्या

मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती, तुपाचा डबा नाकाजवळ न्यायची आणि डोळे मिटायची. मग सांगायची की लोणी जरा जास्त दिवस साठवलेलं होतं, किंवा कढवताना बाई घाईत होती. चाकूरच्या आमच्या गल्लीत कुणी लोणचं घातलं, खवा आणला, वर्षाची डाळ घेतली की वाटी घेऊन तिच्या दारात यायचं. ती वास घ्यायची आणि 'हाय' किंवा 'न्हाई' एवढंच म्हणायची. त्यावर कुणी वाद घालत नसे. दुपारची उन्हं ओसरीवर कललेली, हातात कुणाची तरी वाटी, आणि चेहरा असा, की बाई कुठे तरी लांब जाऊन हळूच परत येते आहे.

साथीच्या वर्षी तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. तिनं कुणाला सांगितलं नाही. मी नांदेडला नोकरीला होते. सुटीत घरी गेले तर ती परसात कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून उभी. बराच वेळ तशीच उभी होती. मला पाहून म्हणाली, "गवत झालंय माय. समदं गवत झालंय." डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पण महिने गेले आणि काही आलं नाही. वाटी घेऊन येणाऱ्या बायकांना तिनं सरळ सांगून टाकलं की आता दुसरीकडे विचारा.

स्वयंपाक मात्र ती हाताच्या सवयीनं करत राहिली. मग एका उन्हाळ्यात रात्रीचं उरलेलं वरण तिनं दुसऱ्या दिवशी दुपारी गरम करून बापूंना वाढलं. बापू म्हणजे तिचे यजमान, जेवताना फारसं न बोलणारे. त्यांनी ते पानातलं सगळं संपवलं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना दवाखान्यात सलाईन लावावी लागली. मी पोचले तेव्हा ती कॉटच्या पायाशी बसली होती. बापूंना जरा बरं वाटल्यावर तिनं विचारलं, तोंडाला कळलं नाही का.

"पहिल्या घासालाच कळलं," बापू म्हणाले.

"मग खाल्लं कशाला?"

"तू समूर बसली व्हतीस."

ती पदरानं त्यांचे पाय पुसत राहिली, तसे ते कोरडेच होते. त्यानंतर तिनं स्वयंपाक सोडला. खानावळीतून दोघांचा डबा येऊ लागला. स्वयंपाकघरात दिवसभर नुसता उजेड असायचा, सकाळी ओट्यावर, दुपारी भिंतीवर, आणि ती उंबऱ्याशी बसून त्याच्याकडे बघत असायची.

नांदेडच्या एका मैत्रिणीकडे मी व्हॅक्यूम सीलर पाहिला. पिशवीतली हवा ओढून घेऊन तोंड चिकटवणारं ते यंत्र. मोठ्या आईला त्याबद्दल सांगितलं तर म्हणाली, "नाक इकत मिळत न्हाई." तरी बापूंनी आग्रह केला म्हणून माझ्याबरोबर नांदेडच्या दुकानात आली. येताना पिशवीत तीन डबे घेऊन आली: भाजलेले शेंगदाणे, आमटीला लावायचं मसाल्याचं येसर आणि पातळ भाजी. दुकानदार गोंधळला, पण माणूस भला होता. एक यंत्र पिशवीचं तोंड नुसतं चिकटवायचं, हवा काढायचं नाही. ते तिनं बाजूला सारलं. दुसऱ्यानं शेंगदाणे झकास आवळले, पण भाजीचा रस्सा ओढून थेट आपल्या पोटात घेतला. तिसऱ्यात रस्सा अडवायला एक लहानशी ताटली होती, ती काढून धुता येत होती. आणि हवा ओढणं मध्येच थांबवायचं बटण होतं. मोठ्या आईनं ती ताटली दोनदा काढून बसवून पाहिली. जे धुता येत नाही ते घरात आणायचं नाही, असं तिचं जुनंच मत होतं. तिनं तेच घेतलं, आणि त्याला लागणाऱ्या खरखरीत पिशव्याही. साध्या गुळगुळीत पिशवीतून हवा नीट निघत नाही, हे दुकानदारानं तिला करूनच दाखवलं.

पहिले काही दिवस यंत्रानं तिला छळलं. येसराची पूड उडून पिशवीच्या काठाला बसली की तोंड चिकटेना. उडदाचे पापड तर एका दमात चुरा झाले. बापूंनी तो चुरा कांदा-तेल घालून खाल्ला. पण तिच्या हातांना हळूहळू उमगत गेलं. पिशवीचं तोंड बाहीसारखं बाहेर दुमडून भरायचं, म्हणजे काठ कोरडा राहतो. पुडीवर कागदाची घडी ठेवायची. वरण आधी वाटीत गोठवून घ्यायचं आणि मग ती वडी पिशवीत सरकवायची. यंत्र घूं करायचं, पिशवी डाळीच्या अंगाला बिलगायची, आणि मोठी आई मान किंचित कलती करून ऐकत राहायची.

रोज सकाळी फ्रीज उघडून ती प्रत्येक पिशवी चाचपायची. घट्ट असेल तर परत ठेवायची, सैल झाली असेल तर फेकायची, त्यात मोह नाही. नुसत्या घट्टपणावरही तिचा विश्वास नव्हता. प्रत्येक पिशवीवर तारीख असायची. शिजवलेलं बर्फाच्या कप्प्यात, आणि उघडलेलं त्याच दिवशी संपवायचं. मी एकदा म्हटलं, आता एवढी कशाला भीती. ती म्हणाली, "वारा काढला म्हणून काळ थांबत न्हाई बाळ. जरा हळू चालतो, एवढंच."

पहिल्यांदा तिनं पिशवीतलं वरण उकळून बापूंना वाढलं तेव्हा मी होते. ती समोर बसली नाही, दाराआड उभी राहिली. बापूंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग मोठ्यानं हाक मारून सांगितलं, "बाहेर ये. चांगलं हाय." ती बाहेर आली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, खरं बोलतायत का ते. बापूंनी वाटी पुन्हा पुढे केली.

त्या थंडीत येळवस आली, म्हणजे आमच्याकडे सगळे शेतात जेवायला जातात ती अमावस्या. तापानंतर पहिल्यांदाच तिनं सगळ्या भावकीसाठी कोवळ्या दाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील केली. हरभऱ्यावर कोवळं ऊन होतं, ज्वारी संथ हलत होती. पंगत बसायच्या आधी तिनं मला आंबिलीच्या मडक्याजवळ बोलावलं.

"कसा वास यायलाय, सांग."

मी म्हटलं, छान.

"छान हा काय वास हाय व्हय? नीट सांग."

मी वाकले. आयुष्यात पहिल्यांदा मी तो वास लक्ष देऊन घेतला. म्हटलं, आधी आंबट येतो, ताकाचा. मग मागून लसूण. आणि सगळ्यांच्या खाली ओल्या मडक्याचा, गार. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "हां. पोचलं."

मागच्या वर्षी बापूंचे गुडघे अगदीच थकले, आणि मुलानं दोघांना हैदराबादला नेलं. जाताना तिनं यंत्र माझ्या हवाली केलं. तिकडे तिच्या सुनेकडे मोठा फ्रीज आहे, सगळं रोज ताजं येतं. गाडीत बसताना तिनं माझा हात धरून ठेवला, पण सांगितलं एवढंच की ताटली धुतल्यावर उन्हात वाळव.

तिला अजून वास येत नाही. तिन्हीसांजेला तिचा फोन येतो. मी गॅसपाशी उभी असते. काय केलंस, असं ती विचारत नाही. कसा येतोय, असं विचारते. मी फोन कानाशी धरून कढईवर वाकते आणि शब्द शोधते. हिंग जरा पुढे आहे. मेथी कडू नाही, भिजल्यासारखी आहे. खोबरं आत्ता कुठे तांबूस व्हायला लागलंय. पलीकडे तिच्या घरातला टीव्ही कुणी तरी बारीक करतं. ती मध्ये बोलत नाही, घाई करत नाही. माझं सांगून संपलं की म्हणते, बरं, आता मी जेवते. आणि मग ती तिकडे आणि मी इकडे, ताट वाढून घेतो.