पिंपळ कोणी तोडायचा

सदाशिव पेठेत मी भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोली आणि शेजारच्या काकांचं अंगण यांच्यामध्ये एक सामाईक भिंत होती आणि तिच्या भेगेत पिंपळ उगवला होता. काका तो उपटत नव्हते, कारण पिंपळावर मुंज्या असतो. मी उपटत नव्हतो, कारण आम्ही नागपूरकडचे बौद्ध. ज्या झाडाखाली बुद्धांना ज्ञान झालं, त्याला हात कसा लावायचा? उलट उन्हाळ्यात मी त्याला तांब्याभर पाणी घालायचो. झाडाने दोन्ही धर्मांचा व्यवस्थित फायदा घेतला.

एका सकाळी अर्धी भिंत काकांच्या नव्याकोऱ्या गाडीवर बसली. टप पार चेपला. मी पाणी घालतानाचा फोटो काकांनी कधीतरी काढून ठेवलाच होता. तो दाखवून त्यांनी माझ्यावर गुन्हा दाखल केला: जाणूनबुजून मालमत्तेचं नुकसान.

"यानं झाडाला सांगितलं होतं का, भिंत पाड म्हणून?" हवालदारांनी विचारलं.

"ते आपण तपासात शोधा," काका म्हणाले.

मला हसू आलं, पण ते चौकीच्या दारापर्यंतच टिकलं. तलाठी म्हणून माझी निवड झाली होती आणि फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी होती. अंगावर गुन्हा म्हणजे नोकरी गेलीच. अभ्यासिकेत घासलेली सगळी वर्षं त्या टपाखाली.

काकांनी तडजोडीची एकच अट घातली. उरलेल्या भिंतीतला पिंपळ मी तोडायचा.

"आमच्यात तोडत नाहीत," ते म्हणाले.

"आमच्यातही नाही."

"नोकरी तुम्हाला लागायचीय."

चिडून मी गावी आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. "ज्ञान बुद्धाले झालं होतं, झाडाले नाही," ती म्हणाली. "तोड बाप्पा."

मी कोयता आणला. काका पाठ फिरवून उभे राहिले आणि दर घावाला "झालं का?" विचारत राहिले. पांढरा चीक हातावर ओघळला आणि माझे डोळे भरून आले. मनाला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

कोर्टात काकांनी तक्रार नसल्याचं सांगितलं आणि प्रकरण मिटलं. पायऱ्या उतरताना ते समाधानाने म्हणाले, "मुंज्या आता तुमच्याकडे येणार हं."

"आमच्यात मुंज्या नसतो, काका," मी म्हणालो. "आमच्यात नुसतं वाईट वाटतं. ते दुसऱ्याकडे पाठवता येत नाही."