कोपऱ्यावरचा बाक

तरुणपणी मी नगरसेवकांच्या सभेत पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारायची. वाचल्याशिवाय कशालाही मान डोलवायची नाही, असा माझा बाणा. जणू शनिवार पेठेत वाचता येणारी मी एकटीच! आता आमच्या नगरसेविका व्हॉट्सॲपवर कामांची माहिती टाकतात आणि मी न वाचताच पुष्पगुच्छाचं चित्र पाठवते.

परवा मंडईतून येताना पाहते, तर कोपऱ्यावरचा बाक नाहीसा. तिथे टेकल्याशिवाय माझे गुडघे घरापर्यंत येत नाहीत. बाक गेला म्हणजे माझं एकटीनं बाहेर पडणंही गेलं. तिथूनच नगरसेविकांना फोन लावला.

"अहो, बाक कुठाय?"

"आजी, रस्ता मोकळा करायला काढला. काल ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्यात आधी आपलाच पुष्पगुच्छ आला!"

"वाचलं असतं तर नुसते काटे पाठवले असते. भाजीची पिशवी घेऊन उभी आहे इथे. येताय धरायला?"

त्या हसल्या. पुढच्या आठवड्यात ग्रुपवर आलं, बाक पलीकडच्या झाडाखाली बसवलाय. या वेळी चष्मा लावून नीट वाचलं. मग जाऊन बसले, डुगडुगत नाही ना ते पाहिलं आणि तिथूनच पुष्पगुच्छ पाठवला.