जास्वंदीच्या भेगा

आज सोसायटीच्या फाटकाला सोनेरी रंग लावत होते. त्या वासासरशी मी बहारीनच्या आमच्या फ्लॅटमध्ये जाऊन पोचले, नव्वदच्या दशकातल्या एका शुक्रवारी, आणि डोकं पुन्हा तसंच तापलं.

आईच्या साठीचं कार्ड मी हाताने करत होते. मऊ क्ले साच्यात दाबून जास्वंदीचं फूल काढलं, कार्डावर चिकटवलं आणि बाल्कनीत सावलीला ठेवलं. पण ऑगस्टची हवा इतकी दमट, की दोन दिवस झाले तरी ते मेलं वाळेना. ह्यांच्या ऑफिसातले हमीदभाई दुपारी सुट्टीवर रत्नागिरीला निघणार होते. आई चिपळूणला, त्यांच्या वाटेवरच. शेवटी मी कार्ड एसीसमोर ठेवलं. तासाभरात फूल वाळलं आणि पाकळीपाकळीला भेगा पडल्या. त्या सोनेरी रंगाने बुजवायला गेले, तर जास्तच उठून दिसायला लागल्या!

तेवढ्यात हमीदभाई दारात. "भाभी, यल्ला, चला लवकर! विमान थांबायचा नाय. हाय तसा द्या."

"असलं फुटकं आईला द्यायचं? काही नको, राहू दे!" मी त्यांच्यावरच खेकसले. ते बिचारे गुमान जिना उतरले.

आठ दिवसांनी फोनवर आई म्हणाली, "हमीदभाई तुमची खुशाली सांगून गेले. चार ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही दिलीस गं?"

कार्ड अजून माझ्याच कपाटात आहे. आज मुद्दाम काढून पाहिलं. भेगा शोधायला मला चष्मा लावावा लागला.