ती खुडूक नव्हती

आमच्याकडे तेव्हा पाच कोंबड्या होत्या. चार घराच्या आणि एक वन्संची. ही वाटणी आम्ही माणसांनी केलेली नव्हती. संध्याकाळ झाली की चौघी खुराड्यात शिरत आणि पाचवी वन्सं असतील तिथे जाई.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला आणि सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं ते कायमचं. माझे यजमान मुंबईला नोकरीला, शिमग्याला आणि गणपतीला येत. पालीहून तासाभराच्या चालीवर आमची वाडी. घर, थोडी भातशेती, दोन मुलं आणि गावातली बालवाडी हे सगळं माझ्याकडे होतं. एवढं सांभाळायचं तर सगळं लिहून ठेवल्याशिवाय चालत नाही, हे मी फार लवकर शिकले. आजही मी याद्या करते. तेव्हा कोंबड्यांचीसुद्धा होती. माजघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, कोणत्या कोंबडीने कोणत्या दिवशी अंडं दिलं, त्याच्या खुणा मी पेन्सिलीने करत असे.

वन्संची कोंबडी मुंगसाच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू होतं. शेजारीण ते कुंपणाच्या गडग्यापलीकडे टाकायला निघाली होती. वन्संनी ते पदरात घेतलं, जखमेत हळद भरली आणि चुलीजवळ टोपलीत ठेवून वाढवलं. एक पंख जरा लोंबता राहिला. अंगावर पांढरे ठिपके. वन्सं तिला 'बाय' म्हणत. त्या तांदूळ निवडायला बसल्या की ही मांडीला टेकून बसे, विहिरीवर निघाल्या की मागोमाग जाई. तिचं अंडं हातात आलं की मुलांपैकी कोणाला द्यायचं ते वन्सं ठरवत. एक ट्रंक आणि ही कोंबडी सोडली तर त्या घरात वन्संनी काही ठरवावं असं दुसरं नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून मी काय केलं ते सांगते.

चैत्र संपता संपता बायच्या खुणा विरळ होऊ लागल्या. आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. मधे दोन अंडी आली ती इतक्या पातळ कवचाची की बोट लावताच दबली. मी कॅलेंडरवर बारीक अक्षरात 'कवच पातळ' असं लिहूनही ठेवलं. पुढे सहा दिवस काहीच नाही. कोंबडी पडवीतल्या कोपऱ्यात रिकाम्या गोणपाटावर पिसं फुलवून बसून राहू लागली.

मी म्हटलं, खुडूक झाली.

कोंबडी अंडी उबवायच्या धुंदीत आली की तिला आमच्याकडे खुडूक म्हणतात. ती अंडी देणं थांबवते आणि जागा सोडत नाही. दिवाळीनंतर झाली तर चांगलंच, तिच्याखाली अंडी मांडायची. पण वैशाखात बसवली तर पिल्लं ऐन पावसात सापडतात आणि गारठून मरतात. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी खुडूक झालेलीचं बसणं मोडायचं असतं. सकाळी गार पाण्यात पोटापर्यंत बुडवायची, तिचंच एक पीस घेऊन नाकपुड्यांतून आडवं घालायचं, दिवसभर डालग्याखाली कोंडायची. चार दिवसांत ती पुन्हा चरायला लागते. घरोघर हेच करत आणि मीही आधी दोघींना केलं होतं.

वन्संना ते पटलं नाही. त्या फारशा बोलत नसत, पण त्या दिवशी दोनदा बोलल्या. खुडूक कोंबडीचं अंग तापलेलं असतं, हात नेला तर चोच मारते, एकसारखी कुडकुड आवाज करते. ही तर मुकी बसून आहे, उचलली तर उचलू देते आणि मधेच शेपूट खाली दाबून कुंथल्यासारखं करते, असं त्यांचं म्हणणं. सगळं बरोबर पाहिलेलं. मी बालवाडीच्या खाऊचे डबे भरत होते. प्रत्येक कोंबडीचा स्वभाव वेगळा असतो, असं मी सांगितलं. तरी त्या दारातून हलेनात. तेव्हा मी हसत म्हटलं,

"तुमचीच ती, वन्सं. एकदा कोपरा धरला की उठायचं नाव नाही."

पडवीत बसलेली शेजारीणही हसली. वन्संनी डालगं आणलं.

पाण्यात बुडवायला कोंबडी त्यांनीच धरली. माझ्या हातात ती राहत नसे, म्हणून मीच तसं सांगितलं होतं. मी घमेलं भरलं, विहिरीचं गार पाणी. त्यांनी तिला दोन्ही तळव्यांत घेऊन खाली नेलं, वर काढलं, पुन्हा खाली नेलं. तीन वेळा. पीस मी घातलं. कोंबडीने धडपड केली नाही. मला वाटलं, उपाय लागू पडतोय.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला पालीला बाजाराला जायचं होतं. वन्सं पिशवी द्यायला आल्या आणि हळूच म्हणाल्या की तिथे गुरांचा दवाखाना आहे, टोपलीत घालून हिला नेता येईल का. त्या टोपली तयार करूनच आल्या होत्या. तळाशी भाताचा पेंढा आणि वर जुन्या लुगड्याचा तुकडा. मी म्हटलं, गाईम्हशींच्या रांगेत कोंबडी घेऊन उभी राहिले तर गाव वर्षभर हसेल. शिवाय चार दिवसांत बरी होणारी कोंबडी दवाखान्यात कशाला? माझ्या हातात त्या दिवशीची यादी होती. रॉकेल, साबण, खडू, छत्रीची काडी, मुलीच्या वहीचे कागद. सगळं आणलं, एकही वस्तू विसरले नाही. दवाखान्यावरून जाताना पाहिलं, दारात एक बैल आणि दोन शेळ्या एवढेच होते. डॉक्टर पायरीवर बसून चहा पीत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मासेवाली आली. ती किनाऱ्यावरून एसटीने पालीला यायची आणि तिथून वाड्यावाड्यांवर पायी फिरायची. वन्सं पुन्हा घमेल्यापाशी कोंबडी धरून उभ्या होत्या. मासेवालीने टोपली उतरवली, हात पदराला पुसले आणि काही न विचारता कोंबडीच्या पोटाखाली बोटं नेली. थोडा वेळ चाचपून पाहिलं. मग नाकातलं पीस ओढून काढलं.

"ही खुडूक हाय म्हणून कोणी सांगितलान गो तुला? अंडा आडाकलाय हिच्या पोटात. थंड पाण्यात घालतंस नि ते सुटंल काय?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. वन्सं माझ्याकडे बघू शकल्या असत्या. त्यांनी बघितलं नाही.

"आम्हांला वाटलं," त्या म्हणाल्या.

त्या क्षणी मी 'मी सांगितलं' एवढे दोन शब्द बोलायला हवे होते. मी पाणी तापवायला आत गेले.

मासेवालीने तासभर मोडला. मासे उन्हात होते, तरी तिने घाई केली नाही. कोमट पाण्याच्या घमेल्यात कोंबडीला बसवलं, बोटाला एरंडेल लावून आत वाट मोकळी केली. अंडं आलं, पण अख्खं नाही. पातळ कवच आतच फुटलेलं होतं. तिने मिळाले तेवढे तुकडे काढले आणि म्हणाली की काल-परवा कोणी बघितलं असतं तर सोपं होतं, आता तिचं नशीब. मग माझ्याकडे वळून, बांगडे घेणार की त्यांनाही घमेल्यात बसवू, असं विचारलं. मला हसू आलं नाही.

पुढचे दोन दिवस वन्सं तिच्याजवळून उठल्या नाहीत. पेजेचं पाणी चमच्याने पाजत. मी त्यांच्या वाटची कामं केली, मुलांनाही पडवीत जाऊ दिलं नाही. करण्यासारखं जे होतं ते सगळं मी नीट केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, मी बालवाडीतून परत आले तेव्हा ती वन्संच्या मांडीवर होती आणि तिने मान टाकली होती.

वन्सं रडल्या नाहीत. मला दोष तर त्यांनी कधीच दिला नाही, पुढे पंचवीस वर्षं आम्ही एका घरात काढली तरी नाही. पण त्यानंतर त्यांनी मला कशाला नाहीसुद्धा म्हटलं नाही. भाजी कोणती करू, गोधडी कुठे वाळत घालू, देवळात जाऊ का, सगळं विचारून. गावात सगळ्या म्हणत, नणंद-भावजय असावी तर अशी, कधी दोन शब्द नाहीत. शेजारणीने दुसरी पिल्लं देऊ केली तेव्हा त्या म्हणाल्या, वैनींना विचारते. मी लगेच घ्या म्हटलं. त्यांनी घेतली नाहीत. वन्संना जाऊन आता सहा वर्षं झाली.

कोंबडी गेली त्या दुपारी आम्ही दोघींनी तिला परसात काजूखाली पुरलं. खड्डा मी खणला. जांभा दगड वर आलेली जमीन, दोन फूट खणायला वेळ लागला. वन्संनी तिला ठेवलं, माती लोटली आणि तिथेच उकिडव्या बसून राहिल्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. माझं चुकलं, तुम्ही सांगत होतात ते मी ऐकायला हवं होतं, एवढं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं.

"वन्सं, खुराड्यात राख पसरून घ्या," मी म्हटलं. "बाकीच्यांना काही लागायला नको."

पोटात अंडं अडकण्याची साथ पसरत नाही. ते दोघींनाही माहीत होतं. वन्सं उठल्या, हातांची माती झटकली आणि राख आणायला चुलीकडे गेल्या.