‘काही नाही’ म्हणणारा डॉक्टर

आमचे डॉक्टर हार्ट स्पेशालिस्ट झाले तेव्हा दारव्ह्याले माझ्या माहेरी पेढे वाटले. पोरगी आता राज करीन म्हणे! कायचं राज अन् कायचं काय!

यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात पहिलं वर्ष बांधून पगार. मग जितक्या अँजिओप्लास्ट्या तितका पगार, अन् काम कमी दिसलं तर नारळ. कापसाले भाव नव्हता, त्या वर्षी छातीत धडधडणाऱ्यांची काय कमी? पण आमचे हे तपासत, निवांत बोलत अन् सांगत, "हार्टले काही नाही झालं. घरी जा."

लोकही असे! सलाईन लावली नाही, तर दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही त्यांले. बाहेर निघून म्हणत, "याले काही येतच नाही, नुसता बोलते." मॅनेजर म्हणे, "अतुलसर, तुमचा आकडाच दिसत नाही."

त्या वेचणीत बाभुळगावची कौसल्याबाई आली. कापूस वेचताना दम लागे, छातीत दुखे. जावई म्हणे, "साहेब, करूनच टाका ऑपरेशन." मॅनेजर बाजूलेच उभा. यांनी सगळं तपासलं अन् म्हणाले, "रक्त कमी आहे. गोळ्या लिहून देतो." जावई तणतणत तिले घेऊन गेला.

घरी मी तोंड सोडलं. "अहो, करून टाकली असती एक, तर काय बिघडलं असतं?"

"तिचं बिघडलं असतं, शीला."

मले रडूच आलं.

वर्ष सरलं अन् नारळ मिळाला. नागपूरले जायचं ठरवून मी भांडीकुंडी पोत्यांत भरली. तितक्यात दारात काळीपिवळी जीप थांबली. कौसल्याबाई टुणकन उतरली, मागून वेचणीच्या बायाच बाया.

"डॉक्टरसाहेब, ह्या समद्यायच्या छातीत दुखते. दुसरीकडं भेव वाटते आमाले. तुमी पाहा."

स्टेथोस्कोप कोणत्या पोत्यात कोंबला, मलेच आठवेना. शेवटी पोती अंगणातच ओतली. हे एकेकीले तपासून "काही नाही, काही नाही" म्हणत गेले. मथुराबाईपाशी मात्र थांबले. पुन्हा ऐकलं.

"हिच्या झडपेत बिघाड आहे. आजच मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

मले वाटलं, आता ही बोंब मारते. तिनं नुसता पदर खोचला.

"न्या मंग. तुमी उगाच म्हनत नाही."

हे तिच्यासंगं काळीपिवळीत बसले. ती पोती मी परत भरली नाही.